वंशावळीत नसलेली थोरली: दारव्हा तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

हे घर यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातलं. कापूस, तूर, सोयाबीन करणारं. गावाचं आणि माणसांचं नाव मी देत नाही, आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत. लिहायला घरच्यांची हरकत नाही; घरातल्या आजींनी तर लिहाच म्हणून सांगितलं. मी आरोग्यसेविकेची नोकरी संपवून याच भागात राहिले. लोक अजून मला सिस्टर म्हणतात आणि औषधापासून अर्जापर्यंत काहीही विचारायला येतात. हे प्रकरणही एका अर्जापासूनच माझ्याकडे आलं.

घरातला नातू बारावी विज्ञान झाला. अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी त्याला जात वैधता प्रमाणपत्र हवं होतं. घर इतर मागास वर्गातलं, म्हणजे पुरावा 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा असला तर काम सोपं. इथंच गाडं अडलं. आजोबा शाळेची पायरी चढले नव्हते. वडील 1968 सालचे, त्यांचा शाळेचा दाखला-खारीज त्यानंतरचा. शेतीच्या जुन्या कागदांवर नावं होती, जात नव्हती. आपल्याकडे अशा वेळी सगळे जातात तिथंच हा मुलगाही गेला: तहसिलीच्या अभिलेख कक्षात, कोतवाल बुकाच्या नकलेसाठी. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, हे पूर्वी त्या बुकात चढायचं. बापाचं नाव, जात, मूल मुलगा की मुलगी, तारीख. मेलं असेल तर वय आणि कारण.

आजोबांच्या स्वतःच्या जन्माची नोंद निघाली नाही. त्या वर्षांची पानं वाळवीनं खाल्लेली. पण आजोबांच्या नावानं दोन ओळी निघाल्या. एक 1960 च्या पावसाळ्यातली, जन्माची: मुलगी. दुसरी मार्च 1962 ची, मृत्यूची: मुलगी, वय दीड वर्ष, कारण ताप. दोन्हीकडे बापाचं नाव तेच, जात स्वच्छ लिहिलेली. मुलीच्या नावाचा रकाना दोन्हीकडे कोरा.

नातवाला हवा तो पुरावा मिळाला होता. फक्त ही मुलगी कोण, हे घरात कुणाला माहीत नव्हतं.

त्याचे वडील, पन्नाशी उलटलेला समंजस माणूस, नक्कल घेऊन माझ्याकडे आले. चार भावंडांत ते थोरले. बापाच्या माघारी दोन भावांची आणि बहिणीची लग्नं त्यांनीच केली. "सिस्टर, मी थोरला नाही म्हणता?" एवढंच ते बोलले. मग कामाचं विचारलं. जात पडताळणी समितीकडे वंशावळ शपथेवर द्यावी लागते, नमुना 3 मध्ये. जिच्या नोंदीवर सगळी फाइल उभी राहणार ती वंशावळीत दाखवावीच लागणार. दाखवायची तर नाव काय लिहायचं? ज्यांना नाव माहीत असेल अशी एकच व्यक्ती जिवंत, त्यांची आई. वय ऐंशीच्या पुढं, रक्तदाबाच्या गोळ्या सुरू. "बुढीले आता कायले त्रास द्याचा? विसरली असंन थे."

त्यांची काळजी खरी होती. पण ती विसरली असेल, हे मला पटत नव्हतं. उपकेंद्रात असताना गरोदर बाईची नोंद करताना आम्ही 'मुलं किती' एवढं विचारून कधीच थांबत नसू. त्या प्रश्नाला बाई जिवंत लेकरं मोजते आणि गप्प होते. 'बाळंतपणं किती झाली' असं विचारलं की खरा आकडा येतो, आणि गेलेल्या लेकराचा महिना, वार, त्या वेळी शेतात काय उभं होतं, सगळं येतं. 1960 च्या आसपास आपल्या देशात साधारण चारातलं एक मूल पाच वर्षांचं होण्याआधी जात होतं. म्हणजे ज्या पिढीच्या आज्या आज आपल्या ओसरीवर बसल्या आहेत, त्यांच्यातल्या फार थोड्यांची सगळी लेकरं जगली. त्या बोलत नाहीत, कारण त्यांना कुणी विचारलेलं नाही.

मी आजींच्या मुलाला सांगितलं, विचारू या, पण कागद पुढं ठेवून नको. आधी बाळंतपणांचं विचारू. त्या बोलल्या तर ऐकू, नाही बोलल्या तर उठून येऊ.

दुपारी गेले. सूनबाई तूर निवडत होत्या, त्यांनाही बसवून घेतलं. "मावशी, बाळंतपणं किती झाली तुमची?"

"पाच," आजी म्हणाल्या. क्षणभरही थांबल्या नाहीत. "पयली पोरगी."

सूनबाईंचा हात सुपातच राहिला. लग्न होऊन येऊन त्यांना पंचवीसेक वर्षं झाली होती.

पुढचं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं नाही. मी अधूनमधून जात राहिले आणि तुकडे जुळत गेले. सन त्यांना सांगता येत नव्हता, पण 'अष्टग्रहीचं साल' म्हणाल्या. फेब्रुवारी 1962 मध्ये आठ ग्रह एका राशीत आले होते आणि जग बुडणार या भीतीनं देशभर होमहवनं चालली होती. जुन्या माणसांना ती भीती अजून आठवते. अष्टग्रही सरली, जग बुडालं नाही, आणि त्यानंतर दिग्रसकडच्या माहेरी भावाच्या लेकराचं बारसं निघालं. सासू म्हणाली, या सालात लेकरू घेऊन निघू नको. ही हट्ट करून निघाली. वय वीस. बैलबंडीत पोरीचं अंग तापलं. माहेरी पोचल्यावर तिसऱ्या दिवशी अंगभर पुरळ उठलं. गोवर. कडुनिंबाचा पाला टाकला, माय, म्हणजे देवी, आली म्हणून औषध दिलं नाही. पुरळ उतरल्यावर परत आणली तर हगवण लागली, मग धाप. होळीच्या मागंपुढं गेली. नाल्याच्या काठी मातीला दिली.

कोतवालानं लिहिलं 'ताप'. त्या काळी कारणाच्या रकान्यात बऱ्याच मरणांना हेच एक कारण मिळे.

घरात मात्र वेगळं कारण लिहिलं गेलं, आणि ते बासष्ट सालापासून पुसलं नव्हतं. सासू मरेपर्यंत म्हणत राहिली: हिनं पोरगी बंडीतून माहेरी नेली, तिथलं वारं लागलं. नवरा बोलला नाही, पण त्यानं पोरीचं नावही पुन्हा घेतलं नाही. आजी त्यानंतर कित्येक वर्षं माहेरी गेल्या नाहीत. सहा वर्षं पोट राहिलं नाही. मग थोरला झाला तेव्हा त्याला उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं उचलला, तिच्याकडून पायलीभर ज्वारी देऊन परत घेतला आणि घरात त्याला उकंडा म्हणू लागले. लेकरू जगावं म्हणून जुनी माणसं असं करायची. तो आता स्वतः आजोबा होण्याच्या वयाला आला, तरी या हाकेमागं एक मेलेली बहीण आहे हे त्याला माहीत नव्हतं.

माझ्या दृष्टीनं या प्रकरणाचा गाभा नावात नव्हता. आजींच्या बोलण्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती: "मीच नेली व." साठ वर्षं त्या लेकराची आठवण या एका वाक्याच्या आत कोंडलेली होती. ती कशी हसायची, काय खायची, यावर बोलायला गेलं की वाट तिथंच येऊन अडायची. आठवायचं म्हणजे गुन्हा कबूल करायचा, असं झालं होतं.

आणि त्यांनीच सांगितलेल्या दिवसांत त्या गुन्ह्याचं उत्तर होतं.

गोवराचा विषाणू अंगात शिरल्यापासून ताप यायला साधारण दहा दिवस लागतात, पुरळ उठायला चौदाच्या आसपास. लवकरात लवकर म्हटलं तरी सात दिवस. या पोरीला बंडीतच ताप होता आणि माहेरी तिसऱ्या दिवशी पुरळ आलं. म्हणजे लागण माहेरी झालेली असूच शकत नाही. बंडी जुंपली त्याच्या कितीतरी आधी, इथंच, याच वाड्यात ती झाली होती. बारशाला गेल्या नसत्या तरी गोवर त्याच दिवशी उठला असता. वाऱ्याचा, वाटेचा, अष्टग्रहीचा काही संबंध नव्हता. आणि टाळण्यासारखं तरी काय होतं? गोवराच्या लशीला जगात पहिली परवानगी मिळाली 1963 मध्ये, अमेरिकेत, म्हणजे पोरगी गेल्याच्या पुढच्या वर्षी. आपल्या सरकारी लसीकरणात ती सुई आली 1985 ला.

हे मी त्यांना बोटांवर दिवस मोजून सांगितलं. एकदा सांगून भागलं नाही. त्यांनी माझ्याकडून पुन्हा मोजून घेतलं, नंतर नातवाकडून मोजून घेतलं. मग विचारलं, "दवाखान्यात नेली असती त?"

याचं उत्तर 'काही उपयोग झाला नसता' असं देणं सोपं होतं. पण ते खरं नव्हतं. हगवण आणि धाप, म्हणजे बहुधा गोवरानंतरचा न्यूमोनिया. त्यावर पेनिसिलिन तेव्हाही होतं. मी म्हटलं, कदाचित वाचली असती, मावशी. पण दवाखान्यासाठी बंडी जुंपायची की नाही हे वीस वर्षांच्या सुनेच्या हातात होतं का? त्या म्हणाल्या, "नाई. माह्या हातात काहीच नोतं." माझ्या समजुतीनं या उत्तराचा त्यांना जास्त आधार झाला. खोटा दिलासा त्यांनी ओळखला असता. या बायांना आयुष्यभर लोकांनी समजुतीच्याच गोष्टी सांगितलेल्या असतात.

पण इथं एक धोका उभा राहिला, आणि अशा घरांत काम करणाऱ्या कुणालाही तो भेटेल. आजींनी हिशेब पुढं नेला. लागण वाड्यातच झाली, तर कुणाकडून? त्यांना लगेच आठवलं: मोठ्या जावेचा पोरगा त्याच्या आधी पंधरा दिवस पाल्यावर निजवलेला होता. जाऊ जिवंत आहे, आजींपेक्षा तीनचार वर्षांनी मोठी, पलीकडच्याच ओसरीवर बसते. एका बाईवरचा आरोप उतरला तर तो दुसरीच्या डोक्यावर जाऊन बसणार होता.

म्हणून बाकीचं आजारपणही समजावलं. गोवर पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासूनच पसरायला लागतो. तेव्हा फक्त सर्दी-खोकला दिसतो. तो पोरगा पाल्यावर निजला, त्याच्या आधीच वाड्यातल्या सगळ्या लेकरांत खेळून झालेला होता. कुणाला कळणार होतं? शिवाय त्या पोरालाही गोवरानं सोडलं नव्हतं. हा चुलत भाऊ आज साठी पार केलेला, त्याचा एक डोळा लहानपणापासून गेलेला आहे. 'बालपणी डोळे आले होते' एवढंच सगळ्यांना ठाऊक. जीवनसत्त्व अ कमी असलेल्या लेकराला गोवर झाला की बुबुळावर फूल पडून डोळा जातो; म्हणून आता गोवराच्या रुग्णाला अ जीवनसत्त्वाचा डोस देतात. मी गावात इतकी वर्षं त्याला पाहत आले, पण त्याचा डोळा आणि ही मुलगी एकाच साथीतले आहेत हे कोतवाल बुकाच्या त्या ओळीमुळं कळलं.

आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तिचं बी लेकरू जाता जाता रायलं."

थोरल्या मुलाचा प्रश्न वेगळा होता. तो तिथीवर आला. बहीण होती, तर तिचं पान ठेवायला हवं. बापाचं पितृपक्षात ठेवतो, आजीचं ठेवतो. तिचं कोणत्या दिवशी? त्यानं गावातल्या महाराजांना विचारलं, तर ते म्हणाले, एवढ्या लेकराचं नसते काही. शास्त्र खरंच तसं सांगतं. दोन वर्षांच्या आतलं मूल पुरावं आणि त्याला उदक देऊ नये, असं याज्ञवल्क्य स्मृतीत आहे. लेकराला दोष नाही, त्याला पुढच्या वाटेसाठी आपल्या पाण्याची गरज नाही, असा त्याचा अर्थ लावतात. असेल. पण त्याचा परिणाम घराघरात असा झाला की गेलेल्या तान्ह्याला वर्षातला एकही दिवस राहिला नाही. सवाष्णीला अविधवा नवमी आहे, शस्त्रानं किंवा अपघातानं गेलेल्याला चतुर्दशी आहे, ज्याची तिथी माहीत नाही त्याला सर्वपित्री अमावस्या आहे. दीड वर्षाच्या पोरीला काही नाही.

बायांनी मात्र आपली जागा शोधून ठेवली होती. पोळ्याच्या दिवशी आपल्याकडे गडी बैलांत असतात आणि पोरं दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी पुसत असतात. ती अमावस्या पिठोरीची. तिची कहाणीच मुळी लेकरं न वाचणाऱ्या बाईची आहे. दर वर्षी बाळंत होते, दर वर्षी पोर जातं, सासरचे तिला मेलेलं लेकरू घेऊन रानात घालवून देतात, आणि तिथं योगिनी तिची सगळी लेकरं तिला परत देतात. पूजा झाली की आई खीर-पुरीचं वाण डोक्यावर धरते, मागं न पाहता विचारते, "अतीत कोण?" आणि मागं बसलेलं लेकरू "मी" म्हणून ते घेतं. जितकी लेकरं तितक्यांदा.

हे मी सहज बोलले आणि थोरला गडी एकदम माझ्याकडे पाहायला लागला. "आमची माय पाच डाव इचारे," तो म्हणाला. "आमी चौघं. पयल्या डावाले कोनं बोलाचं नाई, पयलं वान देवाचं, असं सांगे."

तेव्हा माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. त्यानं आईला काही विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. गेल्या पोळ्याला आजींनी वाण डोक्यावर धरलं आणि पहिल्या वेळी विचारलं, तेव्हा त्यानं मागून बहिणीचं नाव घेऊन उत्तर दिलं. मी तिथं नव्हते. हे सूनबाईंनी सांगितलं. आजी रडल्या, आणि मग बाकीच्या चारही वेळा नीट विचारून पूजा पुरी केली.

नाव आजींना अर्थातच माहीत होतं. बारसं झालं होतं, आत्यानं कानात सांगितलं होतं. कोतवालापर्यंत ते पोचलं नाही इतकंच. ते नाव त्या घराचं आहे, इथं लिहीत नाही. सरकारी नोंदीत ते चढलेलं नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा 1969 चा कायदा बाळाचं नाव मागाहून घालायची सोय देतो, पण तिला एरवी पंधरा वर्षांची मुदत असते, आणि ही नोंद तर त्या कायद्याच्याही आधीची. पण शपथेवरच्या वंशावळीत आजोबांच्या खाली पहिली फांदी तिची आली: नाव, जन्म 1960, मयत 1962. तिच्या खाली रेघ नाही. तिच्या उजवीकडे चौघं. समितीपुढं तीच नोंद मुख्य पुरावा म्हणून गेली आणि नातवाला प्रमाणपत्र मिळालं. त्याचा काका म्हणाला, दीड वर्षाच्या पोरीनं घराचं काम केलं. मला ते बोलणं तितकंसं रुचलं नाही. ती कामाला आली म्हणून तिची जागा आहे, असं मला वाटत नाही. काहीच पुरावा नसता तरी तिची फांदी तिथंच असायला हवी होती.

सगळं जुळलं असं नाही. आत्याला, म्हणजे आजींच्या मुलीला, हा विषय अजून आवडत नाही. आईला या वयात रडवलं, असं तिचं म्हणणं आहे, आणि आई त्यानंतर पंधरा दिवस नीट जेवली नाही हे खरंही आहे. मी तिच्याशी वाद घातला नाही. नाल्याच्या काठची जागाही आता दाखवता येत नाही. नाला खोल केला, काठाची माती दोन्हीकडच्या वावरांत गेली.

जावेला मी आपणहून काही सांगितलं नव्हतं. पण एका वाड्यात गोष्ट राहत नाही. तिनं मला बोलावून घेतलं, आणि मी गोवर कसा पसरतो ते तिलाही तसंच सांगितलं, पुरळाच्या आधीच्या चार दिवसांसकट. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तिची एक गेली. माहे दोन गेले, ह्या पोराच्या आंधी. थे कोनं लिवले का?"

तिचा तो एका डोळ्याचा मुलगा शेजारीच बसला होता. त्याला हे नवीन होतं.

आता जावेच्या घराच्या नकलेचा अर्ज आम्ही दिला आहे. वर्षं लिहायची म्हणून तिला विचारलं, तर पहिला मुलगा 'दसऱ्याले बाबासाहेबायच्या मेळ्याले नागपूरले गावातले लोक गेले होते, त्याच्या मागच्या आठोड्यातला' असं म्हणाली. म्हणजे ऑक्टोबर 1956. दुसरी त्याच्या पाठची. अर्जात 1956 ते 1960 अशी वर्षं घातली आहेत, आणि मुलाच्या नावाच्या रकान्यापुढं तिनं सांगितलेली दोन्ही नावं कंसात लिहून ठेवली आहेत, बुकात तो रकाना कोरा निघाला तर म्हणून.